दोन होकार

जिंकलो आम्ही. हे आधीच सांगून टाकते, कारण वाचणाऱ्याचा जीव टांगणीला लावायची मला हौस नाही. शिवाय ही गोष्ट कोणालाही सांगायला घेतली की माझ्या तोंडून पहिलं वाक्य हेच निघतं. आमचे हे म्हणतात, जरा दमानं घे. का म्हणून घ्यायचं? इतकी वर्षं लोक आमच्या अंकाला हसले, आता चार दिवस आम्ही मिरवतो.

अंक म्हणजे आमचं त्रैमासिक. श्रद्धा आणि आजची कला या दोघींचं आपसांत काय चाललंय ते छापायचं, एवढंच त्याचं काम. कविता, लेख, चित्रांचे नि शिल्पांचे फोटो, कधीमधी एखादी कथा. देवाबद्दल नुसतं गोडगोड लिहिणाऱ्यांना आम्ही साभार परत पाठवतो, आणि देवाला शिव्या घातल्या की आपण मोठे कलावंत झालो असं ज्यांना वाटतं त्यांनाही. त्यामुळे दोन्हीकडची मंडळी आमच्यावर सारखीच खट्टू असतात. आमच्या भागात या अंकाला 'भांडणाचं पुस्तक' म्हणतात. म्हणेनात का, पुस्तक म्हणतात हेही काही कमी नाही.

नाव तसं चुकीचं नाहीच म्हणा. याची सुरुवातच भांडणातून झाली. माझी नणंद, म्हणजे यांची थोरली बहीण, आमच्या वरच्याच मजल्यावर राहते. मी त्यांना वन्सं म्हणते. वन्संचा देवावर विश्वास, तोही साधासुधा नाही, रोज सकाळी जाऊन हजेरी लावण्याइतका. आणि यांचे शाळेपासूनचे एक मित्र आहेत, जन्मभर गणित शिकवलं म्हणून सगळ्यांचे मास्तर. देव नाही यावर मास्तरांचा तितकाच पक्का विश्वास. दोघं आमच्या जेवणाच्या टेबलाशी समोरासमोर बसायचे आणि तावातावानं वाद घालायचे. निमित्त काहीही चालायचं. एखादं प्रदर्शन, एखादी कविता, रस्त्यावरचा एखादा पुतळा. एकदा मी वैतागून म्हटलं, तुमचं हे सगळं टाइप करून छापून टाकते, म्हणजे तरी तेच तेच ऐकायचं संपेल. छापलं. तो पहिला अंक. ऐकायचं काही संपलं नाही.

तेव्हापासून आमचा नियम असा: आलेलं प्रत्येक काम या दोघांपुढे ठेवायचं. एक मानणारी, एक न मानणारा. दोघं हो म्हणाले तरच ते छापायचं. कारणं वेगवेगळी असली तरी हरकत नाही, होकार मात्र दोन हवेत. एका बाईंनी एकदा एका फिल्ममधले फोटो पाठवले होते. त्यात कोणीतरी एक रिकामं प्रार्थनाघर झाडतंय, बस, झाडतंय आणि झाडतंय. वन्सं म्हणाल्या, हो, झाडणं हीच प्रार्थना आहे. मास्तर म्हणाले, हो, कारण प्रार्थनेपेक्षा झाडणं बरं. झाले दोन होकार. पण असं नेहमी व्हायचं नाही. कधीकधी अंक इतका बारीक निघायचा की पोस्टमन तो जाहिरातीचा कागद समजून दारातच टाकून जायचा.

मी संपादक, पण मला मत नाही. पत्रव्यवहार करायचा, मुद्रितं तपासायची, रुसलेल्या लेखकांची समजूत काढायची आणि या दोघांना चहा द्यायचा, ही माझी खाती. पानं लावायचं काम आमच्या यांच्याकडे. दुसरा एक नियम मात्र मीच घातला होता: काम फक्त कागदावर बघायचं. कलाकाराला समोर बसवायचं नाही, त्याच्या घरी जायचं नाही, मूळ वस्तू बघायला धावायचं नाही. कलाकार समोर आला की वन्सं विरघळतात आणि मास्तर त्याची उलटतपासणी घेतात. कागद कसा, कोणाचा भाऊ नाही नि कोणाचा मामा नाही. मला या नियमाचा फार अभिमान होता.

आता मुद्द्यावर येते. आमच्या चौकातल्या प्रार्थनाघराची जुनी फरशी काढून नवी बसवली, आणि त्याच फटक्यात शेजारी एक सभागृह बांधलं. सभागृहात शिरल्याबरोबर समोर एक मोठी कोरी भिंत. तिथे काय लावायचं यावरून प्रार्थनाघराच्या समितीत इतकी जुंपली की शेवटी अध्यक्ष कंटाळले. ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, "तुम्ही इतकी वर्षं श्रद्धा नि कला, श्रद्धा नि कला करताय, तर तुम्हीच निवडा. पण तुमच्याच नियमानं. दोघांचा होकार असला तर तुमचं काम भिंतीवर. नसला तर माझ्या मनात एक सूर्योदय आहे."

सूर्योदय म्हणजे चकचकीत छापील शीट. त्यात डोंगर, त्यामागे सूर्य आणि वरती उडणारे पक्षी. दाताच्या दवाखान्यात असतो ना, तोच. अध्यक्ष गालातल्या गालात हसत होते. आमच्या दोघांचं एकमत होणं म्हणजे काय असतं हे त्यांना ठाऊक होतं.

मी मनाशी म्हटलं, हीच वेळ. आजवर आम्ही कागद काळे केले. श्रद्धेला आजच्या कलेशी काही देणंघेणं आहे असं सांगत राहिलो, आणि लोक म्हणत राहिले, असेल बाई. आता एक भिंत मिळत होती, येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोळ्यांसमोरची. ती जर सूर्योदयाला गेली, तर उद्यापासून अंक कोणत्या तोंडानं काढायचा? मी तर ठरवूनच टाकलं होतं. भिंत गेली तर अंक बंद. यांना तसं सांगितलंही. हे म्हणाले, "बघू." पण यांचा चेहरा पडला होता.

आणि आमच्याकडे काम होतंही. शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या एक बाई आहेत. प्रार्थनाघरातली जुनी फरशी निघायच्या आधी त्यांनी तिथे जाण्याची परवानगी काढली होती. पुढच्या ओळीत एक लांबलचक दगड होता. लोक पिढ्यान्‌पिढ्या त्याच्यावर गुडघे टेकत आले होते, त्यामुळे तो ठिकठिकाणी झिजून खोल गेला होता. शेजारी शेजारी खळग्यांच्या जोड्या. पाण्यानं नाही, छिन्नीनं नाही, नुसत्या गुडघ्यांनी झालेल्या. म्हातारी माणसं त्यात अडखळायची म्हणून तो दगड काढायचं ठरलं, आणि फोडून पायाच्या भरावात टाकलाही. तो जायच्या आधी बाईंनी चिकटू नये म्हणून साबणाचं पाणी लावून त्याच्यावर प्लास्टर ओतलं आणि त्या सगळ्या ओळीचा साचा काढून घेतला. त्याचा फोटो आणि सोबत एकच ओळ, 'प्रार्थनाघराच्या दगडावरून', एवढंच त्यांनी आम्हाला पाठवलं होतं.

यांनी पान लावलं, मी टेबलावर ठेवलं. पांढऱ्या पृष्ठभागावर खळग्यांच्या जोड्या, एकीशेजारी एक. बघताक्षणी मी ओळखलं. आपला दगड, म्हटलं, जसाच्या तसा.

मास्तरांनी चष्मा पुसला, पान नीट बघितलं आणि म्हणाले, "हो. याच्यात देव कुठे नाही. माणसांचे गुडघे आहेत आणि काळ आहे. माझा हो."

मी मनात उडीच मारली. मास्तर म्हणजे अवघड गड. वन्संचा होकार तर खिशातच, असं काम त्यांना आवडणार नाही तर कोणाला?

वन्संनी पान हातात घेतलं, बघितलं आणि खाली ठेवलं.

"नाही," त्या म्हणाल्या.

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे नाही. अगं, इतक्या लोकांनी इतकं मागितलं, आणि मिळालं काय? खड्डे. हे मला भिंतीवर नको."

हे वाक्य मास्तरांचं होतं, आणि ते वन्संच्या तोंडून येत होतं. मी म्हटलं, "वन्सं, बरं वाटत नाहीये का तुम्हाला?" त्या म्हणाल्या, "मला काय धाड भरलीय?" आणि उठून वर गेल्या.

पुढचे काही दिवस मी त्यांच्या मागे लागले. समजावलं, चिडले, आडून विचारलं, उघड विचारलं. वन्संचे यजमान गेल्या वर्षी गेले. आजारपण लांबलं होतं, त्या काळात वन्संनी एक सकाळ चुकवली नव्हती, प्रार्थनाघरात खांबालगत त्यांची ठरलेली जागा. म्हणून मला वाटलं, फोटो बघून ते दिवस आठवत असतील, होईल हळूहळू. पण समितीची बैठक काही हळूहळू येत नव्हती. अध्यक्ष रस्त्यात भेटले की मुद्दाम आकाशाकडे बघायचे आणि म्हणायचे, "काय सुंदर सूर्य उगवला होता आज." माझा नुसता तिळपापड व्हायचा.

बैठकीच्या आदल्या दिवशी चित्रकलेच्या बाई आपला फोटो परत न्यायला आल्या. मी त्यांना दारातूनच वाटेला लावणार होते, नियम म्हणजे नियम. पण आमच्या यांनी त्यांना आत बोलावून बसवलंसुद्धा. टेबलाशी वन्सं नि मास्तर दुसऱ्याच कोणाच्यातरी कवितेवरून एकमेकांना टोचत बसले होते. बाईंची नजर आमच्या पानावर गेली. बिचाऱ्या शांत स्वभावाच्या. हळूच म्हणाल्या, "हे उलटं लागलंय का?"

"उलटं कसं लागेल?" हे म्हणाले. "मी स्वतः लावलंय."

"म्हणूनच विचारते," असं त्या म्हणाल्या नाहीत, पण मी असते तर म्हटलं असतं. त्यांनी नुसतं पान उचललं आणि फिरवून ठेवलं. वरचं खाली, खालचं वर.

आणि खळगे गेले. तिथे उंचवटे आले. कागद तोच, फोटो तोच, पण जिथे खोल होतं तिथे आता काहीतरी गोल, भरीव वर आलं होतं. हे म्हणाले, "अरेच्चा." मास्तरांनी पान पुन्हा उलटं केलं, पुन्हा खळगे. सुलटं केलं, पुन्हा उंचवटे. शाळेतल्या पोरासारखे ते पान फिरवत बसले. बाई म्हणाल्या की उजेड वरूनच येतो असं डोळा धरून चालतो, म्हणून फोटो उलटा केला की उंच ते खोल दिसतं. आणि खळग्यात प्लास्टर ओतल्यावर बाहेर येतो तो उंचवटाच, खळगा कसा येईल?

कसा येईल खरंच. कोणाही परक्याला हा प्रश्न पडला असता. आम्हाला पडला नाही, कारण आम्हा सगळ्यांना तो दगड तोंडपाठ होता. कागदावर आम्ही प्लास्टर बघितलंच नव्हतं, आम्ही आपला दगड बघत होतो. इतकी वर्षं कलेवर भांडणाऱ्या माणसांना फोटोचं वरचं टोक कळू नये! यांच्याकडे मी जे बघितलं, त्यानंतर हे बराच वेळ स्वयंपाकघरात पाणी पीत होते.

वन्संनी पान स्वतःकडे ओढून घेतलं. त्या उंचवट्यांवरून बोट फिरवलं, जणू कागदावर हाताला काही लागणार होतं.

"मला हे खरं बघायचंय," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, "वन्सं, आपला नियम आहे..."

"तुझ्या नियमानं आपण उलटा कागद बघत बसलो होतो. चल."

माझा लाडका नियम मी दारातल्या पायपुसण्यावर सोडला आणि आम्ही पाचही जण शाळेत गेलो.

चित्रकलेच्या वर्गामागे एक अडगळीची खोली आहे. तिथे बाकं जोडून त्यांच्यावर साच्याचे तुकडे ओळीनं मांडले होते. खोलीला प्लास्टरचा आणि रंगांच्या डब्यांचा वास. बाईंनी खिडकी उघडली. पांढरे, गुळगुळीत, जोडीजोडीनं उभे असलेले उंचवटे. वन्सं दोन पावलं पुढे गेल्या आणि थबकल्या.

"अगं, हे तर गुडघे आहेत," त्या म्हणाल्या.

होतेच ते. दगडातून जेवढं झिजून गेलं होतं तेवढंच इथे भरून आलं होतं, आणि त्याला आकार होता टेकलेल्या गुडघ्यांचा. एवढ्या माणसांचे गुडघे, सगळे मिळून एका ओळीत. मला रडू आलं. उगाच का लपवू? मास्तर खिडकीतून बाहेर बघायला लागले, तेव्हा मला कळलं की त्यांचंही तेच झालंय.

वन्सं एकेका जोडीवर हात ठेवत पुढे सरकत होत्या. शेवटच्या तुकड्याशी त्या थांबल्या. त्याच्या एका कडेला खांबाच्या पायथ्याची सरळ रेघ उमटली होती. त्यातला उजवा उंचवटा डाव्याहून जरा मोठा होता.

"ही खांबालगतची," त्या म्हणाल्या. "माझी. म्हणजे माझ्या एकटीची कुठली, माझ्याआधी किती जणी तिथे बसल्या असतील. सगळ्यांनी उजव्यावरच भार टाकला, बघ. डाव्या बाजूला खांब टोचायचा."

मी घाईघाईनं म्हटलं, "मग झालं तर. तुमचा हो ना?"

वन्सं तिथल्याच एका स्टुलावर बसल्या. "माझ्या 'हो'ला किंमत नाही," त्या म्हणाल्या. "हे गेले, त्या दिवसापासून मी आत पाऊल टाकलेलं नाही. सकाळी घरातून निघते, बाहेरच्या बाकावर बसते, वेळ झाली की परत येते. आत जात नाही. त्याच्याशी एक शब्द बोललेले नाही."

"पण अंकासाठी तुम्ही इतके दिवस..."

"मानणारी बाई काय म्हणेल, त्याचा अंदाज घेऊन सांगत होते. जमायचं चांगलं. मास्तरलासुद्धा कळलं नाही. पण हा फोटो बघितला आणि अंदाज घ्यायचा राहूनच गेला."

म्हणजे 'नाही' खरं होतं आणि वर्षभरातले आधीचे सगळे 'हो' अंदाजानं होते. आता खरोखर हो म्हणायची इच्छा होती, तर त्यांच्या मते तो हक्कच उरला नव्हता. मला काय झालं कोण जाणे, मी म्हटलं, "वन्सं, हे आपल्या पाच जणांतच राहू दे. उद्या नुसतं हो म्हणा. कोणाला कळणार आहे?"

"मला," वन्सं म्हणाल्या.

मी रागानं लाल झाले. भिंत समोर दिसत होती, काम समोर दिसत होतं, दोन्ही होकार खरे होते, आणि या बाईचा खरेपणा मधे आडवा आला होता. मी तोंडाला येईल ते बोलले. हे मला म्हणाले, आता पुरे. मास्तर घरापर्यंत चालत आले ते एक अक्षर न बोलता, आणि हे त्यांच्या स्वभावात अजिबात बसत नाही.

दुसऱ्या दिवशी सभागृहात बैठक. समितीची सगळी मंडळी खुर्च्यांवर, समोर ती कोरी भिंत, आणि अध्यक्षांच्या काखेत गुंडाळलेला सूर्योदय. चित्रकलेच्या बाईंनी खांबालगतचा तुकडा कापडात गुंडाळून आणला होता. तो टेबलावर ठेवला. फोटो नाही, खुद्द तुकडा. एवढं तरी आम्ही शिकलो होतो.

अध्यक्षांनी विचारलं, "बोला, न मानणाऱ्यांचं काय?"

"हो," मास्तर म्हणाले.

"आणि मानणाऱ्यांचं?"

वन्सं उभ्या राहिल्या. मी डोळे मिटून घेतले. आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं, आदल्या दिवशी आम्हाला सांगितलं तसंच. यजमान गेले ते, बाकावर बसणं, आत न जाणं. त्या रडल्या नाहीत, आवाजही कापला नाही. शेवटी म्हणाल्या, "काम फार मोठं आहे. पण मी आता मानणारी नाही. तेव्हा माझं मत धरू नका."

अध्यक्षांना हे अपेक्षित नव्हतं. माणूस वाईट नाही, त्यांनाही अवघडल्यासारखं झालं. "मग नियमाप्रमाणे..." असं पुटपुटत त्यांनी शीटची गुंडाळी सोडायला घेतली. डोंगराचं एक टोक दिसायला लागलं होतं.

"थांबा," मास्तर उठत म्हणाले. "माझा एक प्रश्न राहिलाय. ताई, त्या बाकावर बसून तुम्ही करता काय?"

"काय करणार? बसते," वन्सं म्हणाल्या.

"नुसत्या बसता? इतका वेळ? मी तुम्हाला लहानपणापासून ओळखतो."

वन्संना राग आला. "तुला सगळ्यांसमोर ऐकायचंय का रे मास्तर? सुनावते. मनातल्या मनात चांगलं सुनावते. इतकं केलं तुझ्यासाठी, आणि तू असं वागलास. लाज नाही वाटत का, विचारते."

"रोज?"

"रोज. एक दिवस सोडत नाही."

"कोणाला सुनावता?"

वन्संनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. मागच्या खुर्चीवरून कोणीतरी खुदकन हसलं.

मास्तर समितीकडे वळले. वर्गात उभे राहायचे तसेच उभे होते. "हे बघा," ते म्हणाले, "देव नाही, असं मी जन्मभर म्हणत आलो. पण मी त्याच्यावर कधी चिडलो नाही. त्याच्या दारात जाऊन, आत न शिरता, बाहेर बसून राहिलो नाही. मला ते सुचणारच नाही. जो नाहीच, त्याच्यावर कोण रुसेल? ताईंनी अबोला धरलाय. अबोला परक्याशी धरत नाहीत, घरातल्या माणसाशी धरतात. या खोलीत न मानणारा मी एकटा आहे, आणि माझ्या जागेवर मी ताईंना बसू देणार नाही. त्यांची तेवढी लायकी नाही."

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. पण त्याआधी समितीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाई बोलल्या. एरवी त्या बैठकीत डुलक्या घेतात. त्या म्हणाल्या, "बरोबर बोलतोय हा. माझ्या धाकट्या जावेशी मी वर्षभर बोलत नव्हते. त्या वर्षात मनातल्या मनात दिवसभर मी तिच्याशीच बोलायचे. नवऱ्याशीसुद्धा तेवढी बोलले नसेन."

सगळी खोली हसली. वन्संही हसल्या. ओठ दाबून हसल्या, पण हसल्या. मग पदर सारखा केला, त्या तुकड्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "हो. माझा हो."

दोन होकार. आमच्या अंकाच्या सगळ्या इतिहासात असे दोन होकार झाले नव्हते. न मानणाऱ्यानं मानणारीला तिची जागा परत दिली होती, तीही भर सभेत, आणि भिंतीसाठी नव्हे. पटलं नसतं तर मास्तरांनी अंकाची, माझी, कोणाचीच भीड ठेवली नसती. मी यांचा हात धरला आणि इतका दाबला की हे दुसऱ्या दिवशीपर्यंत तक्रार करत होते.

अध्यक्षांनी शीट सोडून दिली. ती आपोआप गुंडाळली गेली. ते टेबलापाशी आले, तुकड्यावर तळवा ठेवला, आणि बराच वेळ ठेवलेलाच. "माझी आई इथे बसायची, खांबालगत," ते म्हणाले. मग विचारलं, "भिंतीवर किती उंचीवर लावायचं?"

इतकी वर्षं मुलांची चित्रं शाळेच्या भिंतीवर लावणारी बाई, स्वतःचं काम भिंतीवर लागतंय म्हटल्यावर तोंडावर हात धरून उभी राहिली. उत्तर वन्संनी दिलं.

"हाताला लागेल इतक्या उंचीवर. लोकांना हात ठेवता आला पाहिजे."

"धूळ बसेल," कोणीतरी म्हणालं.

"पुसू," अध्यक्ष म्हणाले.

बाहेर आलो तेव्हा मी हवेतच होते. पुढच्या अंकाचं मुखपृष्ठ कसं करायचं, फोटो कोणाकडून तपासून घ्यायचा, यांना पानाच्या जवळपास फिरकू द्यायचं की नाही, सगळं एका दमात बोलत सुटले होते. चौकापर्यंत आल्यावर हे म्हणाले, "ताई कुठाय?"

वन्सं आमच्यात नव्हत्या. आम्ही मागे फिरलो. सभागृहातून प्रार्थनाघरात जायला एक आतलं दार आहे, ते अर्धवट उघडं होतं. त्यातून नव्या फरशीचा तुकडा दिसत होता, आणि खांब. खांबालगत वन्संची पाठ दिसत होती.

हे आत जायला निघाले, तर मास्तरांनी यांचा दंड धरला.

"राहू दे," ते म्हणाले. "वर्षभराचं साठलंय. आज त्याची काही खैर नाही."

मी मास्तरांकडे बघितलं. ते म्हणाले, "बघताय काय? मी ताईंच्या बाजूनं बोलतोय," आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. मग आम्हीही बसलो. आतून वन्संचा आवाज येत होता, चांगला मोठ्यानं.